प्रमाणाचा माणूस

१

ऑफिसात तिला सगळे नकाशेबाई म्हणत. वय चौपन्न, चष्म्याला दोरी, पर्समध्ये कायम दोन मऊ पेन्सिली आणि एक टेप. तिचं काम असं होतं की ते समजावून सांगताना तिचीच पंचाईत व्हायची. जुन्या इमारतींसमोर उभं राहायचं, त्यांच्या दर्शनी भागाकडे बघायचं, आणि ती इमारत डोळ्याला जशी वाटते तशी का वाटते हे लिहून काढायचं. कुणी पाहुण्यानं विचारलं, "वहिनी, म्हणजे तुम्ही नेमकं करता काय?" की तिचा नवरा मध्येच तोंड घालायचा, "ही इमारतींना नावं ठेवते आणि त्याचा पगार घेते."

नावं ठेवायचीसुद्धा एक रीत असते. बाई आधी अक्ष शोधायची, म्हणजे इमारतीची मधली रेघ कुठे आहे ते. मग तोल: त्या रेघेच्या दोन्ही अंगांना सारखं वजन वाटतं का. मग लय: खिडकी, खांब, खिडकी, खांब, यात डोळा कुठे पळतो आणि कुठे अडखळतो. सगळ्यात शेवटी प्रमाण. हे प्रमाण भारी फसवं प्रकरण. कागदावर काढलेली इमारत काड्यापेटीएवढी आहे की डोंगराएवढी, हे तिच्याशेजारी माणूस उभा केल्याशिवाय कुणालाच कळत नाही. म्हणून प्रत्येक चित्रात एक माणूस काढावा लागतो. बाईच्या चित्रांत गेली तीस वर्षं एकच माणूस उभा होता. कमरेवर हात ठेवलेला, मान किंचित तिरकी. तिचा नवरा.

त्याला मित्रमंडळी खांबराव म्हणायची. सहा फूट एक इंच. लांब पल्ल्याच्या बसवर चालक होता, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. आवाज असा की स्वयंपाकघरातून बोलला तर जिन्यातला माणूस उत्तर द्यायचा. निवृत्तीनंतर घरात बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा तो बाईबरोबर कामावर येऊ लागला. तिची तांबडी-पांढरी, बारा फुटी मोजकाठी धरायची, तिच्याशेजारी ताठ उभं राहायचं, आणि बाईनं फोटो काढला की "आला का माझा चेहरा?" म्हणून ओरडायचं, एवढं त्याचं काम.

त्या महिन्यात साहेबांनी जुन्या कोर्टाची इमारत तिच्या गळ्यात घातली. पंधरा वर्षं बंद होती. आता तिथे लोकांच्या अर्जांची कचेरी सुरू करायची होती.

"तीन भेटी," साहेब म्हणाले. "तीन वेगवेगळ्या वेळचं ऊन. शेवटचा फोटो वरच्या पायरीवरचा. आणि बाई, अहवाल जरा वजनदार लिहा. इमारतच वजनदार आहे."

२

पहिल्या भेटीला ते सकाळी नऊला पोचले. रस्ता गजबजलेला होता. एका बाजूला टायरचं दुकान, झेरॉक्स, चष्म्याचं दुकान, दवाखाना. दुसऱ्या बाजूला नुसती ती एक इमारत. बाईच्या आधी लक्षात आलं ते हे, की कोर्टाच्या बाजूचा फुटपाथ मोकळा आहे. माणसं कोपऱ्यावर यायची, रस्ता ओलांडायची, दुकानांच्या गर्दीतून धक्के खात पुढे जायची आणि पुढच्या कोपऱ्यावर परत पलीकडे जायची. तिला बरंच वाटलं. फोटोत मध्येच कुणी येणार नव्हतं.

मग तिनं मान वर करून नीट बघितलं.

अक्ष अगदी मधोमध होता. दोन्ही बाजूंना सहा-सहा खांब, तोल काटेकोर. लय एकसुरी, पण चुकलेली नाही. नावं ठेवायला कुठे जागाच नव्हती. तरीही तिला ती इमारत केवढी आहे ते सांगता येईना. तीन मजली म्हणावी तर तीन मजली, दहा म्हणावी तर दहा.

कारण तिला कामाच्या सवयीनं लगेच सापडलं. माणसाच्या अंगावरून जिची उंची ठरते अशी एकही वस्तू तिथे नव्हती. जिन्याला कठडा नाही. बसायला ओटा नाही. खिडक्यांचा खालचा काठ माणसाच्या डोक्याच्याही कितीतरी वर, म्हणजे आतून बाहेर डोकावता येणार नाही आणि बाहेरून आत. दाराची कडी हात उंच करूनही लागणार नाही अशी. पायऱ्या एकतीस, आणि एकेक पायरी दहा इंचांची. माणूस सहा-सात इंचांच्या पायरीवर सहज चढतो. दहा इंचांच्या पायरीवर तो धापा टाकतो. ज्यानं कुणी हे बांधलं त्याला माणसं माहीत नव्हती असं नाही. त्याला ती पुरती माहीत होती.

"अहो, त्या चौकोनी फरशीवर उभे राहा," ती रस्त्याच्या अलीकडून ओरडली. "पहिल्या पायरीच्या लगत. काठी सरळ!"

"काठी सरळच आहे! तुझा कॅमेरा वाकडा असेल!"

फोटो झाले. टायरच्या दुकानासमोर एक बुटका पहारेकरी रिकाम्या पिंपावर बसला होता. पहारा कोर्टाचा, पण बसला होता रस्त्याच्या अलीकडे.

"इथून कसं लक्ष ठेवता हो?" बाईनं हसून विचारलं.

"इथून सगळं दिसतं," तो म्हणाला. "तिकडून काहीच दिसत नाही."

संध्याकाळी घरी तिनं फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. मोजकाठीवरचे आकडे स्वच्छ वाचता येत होते. खांबरावांचं टाळकं बरोबर सहाच्या आकड्याला टेकलं होतं.

"अहो, पोक काढून उभं राहू नका हो. एक इंच खाल्लात तुम्ही माझा."

"मी? पोक? सैन्यात घेत होते मला!" आतून आवाज आला.

तिनं वहीत सहा फूट लिहिलं आणि पुढच्या कामाला लागली.

३

चार दिवसांनी दुसरी भेट, भर दुपारची. या वेळी ती स्वतः रस्ता ओलांडून गेली. काठी पाणसळीनं तपासली. शाळेत भिंतीशी उभ्या केलेल्या मुलासारख्या खांबरावांच्या टाचा जुळवून घेतल्या, हनुवटी सरळ केली. फरशी तीच, जागा तीच.

"काय गं," खांबराव एकदम हळू आवाजात म्हणाले. हा माणूस हळू बोलतो हीच मुळात बातमी होती. "एखादी जागा आपल्याकडे रोखून बघतेय असं वाटतं ना कधी कधी? ही तशी नाही. ही बघतच नाही. आपण इथे उभेच नाही आहोत, असं."

"ऊन लागलंय तुम्हाला."

"असेल."

एरवी एवढ्यावर हा माणूस पाऊण तास वाद घालायचा.

घरी येऊन फोटो मोठा केला तेव्हा टाळकं पाच फूट दहा इंचांवर होतं.

बाई गणितावर जगणारी बाई. तिनं आधी कॅमेऱ्याच्या भिंगाला दोष दिला आणि घरातल्या कपाटाचा फोटो काढून भिंग तपासलं. भिंग ठीक. मग काठीवर संशय घेतला. टेप लावून बारा फूट इंचाइंचानं मोजले. काठी ठीक. जमीन उताराची असेल म्हणावं, तर काठी आणि माणूस एकाच फरशीवर उभे होते. जमीन उतरली तर दोघं उतरायला हवे होते.

तिनं फोटो बंद केला. तेवढ्यात आतून हाक आली, "स्टूल कुठे ठेवलंयस गं?"

"स्टूल कशाला?"

"माळ्यावरची बॅग काढायचीय."

तीस वर्षांत त्या घरात माळ्यावरची वस्तू काढायला स्टूल लागलं नव्हतं. शेजारच्या बायकासुद्धा माळ्यावरचं काही काढायचं असलं की "जरा भाऊजींना पाठवता का" म्हणून बोलवायच्या. बाई दारात जाऊन उभी राहिली. खांबराव टाचा उंचावून हात वर करून उभे होते. बोटं माळ्याच्या कडेला नुसती टेकत होती. पँटचे पाय टाचांखाली दुमडून फरशीवर घासत होते.

"माळा वर गेला की काय," ते म्हणाले आणि हसले. पण हसताना तिच्याकडे बघितलं नाही.

४

त्यांच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर मुलीच्या लहानपणच्या उंचीच्या खुणा होत्या. मुलगी आता नोकरीला दुसऱ्या गावी असायची. बाईनं त्याच चौकटीला नवऱ्याला पाठ लावून उभं केलं आणि डोक्यावर पट्टी ठेवून पेन्सिलीनं रेघ मारली. पाच फूट दहा.

म्हणजे फोटो खोटं बोलत नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाठीचे फोटो काढले. "वय झालं की उंची थोडी कमी होते हो," ते म्हणाले. "मणके दबतात. मागची उंची कुणी मोजली होती?"

"मी," बाई म्हणाली. "महिन्यापूर्वी. तीस वर्षं मीच मोजतेय."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. नवऱ्याची उंची तीस वर्षं मोजत बसणाऱ्या बाईकडे जसं बघतात तसं. गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

रेघ आठवडाभर तिथेच राहिली. खाली गेली नाही, वर आली नाही. बाईनं सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पण उंचीपेक्षा दुसरंच काहीतरी तिच्या मनाला लागलं होतं.

खांबराव भांडेनासे झाले होते. भाजीत मीठ कमी पडलं, काही बोलले नाहीत. वरच्या मजल्यावरच्या माणसानं त्यांच्या दारात सायकल लावली, हे आत येऊन बसले. मुलीचा फोन आला, पुढच्या महिन्यात यायला जमणार नाही म्हणाली, तर म्हणाले, "चालेल." टीव्ही बंद करू का? चालेल. उद्या बँकेत जाऊन याल का? चालेल. आवाज तोच, जाड, भरदार, भांड्यांना कंप आणणारा. त्या आवाजात हा एकच शब्द.

बाईनं तीस वर्षं या माणसाला "जरा हळू बोला हो" म्हणून विनवलं होतं. आता घर शांत होतं आणि तिला ते सोसवेना. एका दुपारी तिनं मुद्दाम त्यांच्या जुन्या, आवडीच्या बसला नावं ठेवली. ती गाडी म्हणजे डबा, ब्रेक लागत नाही, इंजिन म्हणजे नुसता गोंगाट. हे ऐकून खांबराव एरवी ताटावरून उठले असते.

ते खाली मान घालून घास चावत राहिले. मग म्हणाले, "तुझं बरोबर असेल."

बाईनं हातातला घास ताटात ठेवला आणि उठली.

५

तिसऱ्या भेटीला ती एकटीच गेली. मोजकाठी तिनं लोखंडी तिवईला बांधून त्या फरशीवर उभी केली आणि झपाट्यानं रस्ता ओलांडून अलीकडे आली. फोटो काढून तिथल्या तिथे बघितला.

चित्र बघून तिला हसू यावं की रडू, कळेना. काठी होती, आकडे होते, पण इमारत खेळण्यातली दिसत होती. पुठ्ठ्याची, मुलांनी कापून चिकटवलेली, मोजकाठीसुद्धा आगपेटीच्या काडीसारखी. सहा खांब, सहा खांब, मध्ये दार. भीती वाटावी असं त्यात काहीही नव्हतं. माणूस नसला तर ती इमारत कुणीच नव्हती.

बाई तशीच उभी राहिली. समोरच्या इमारतीला तिची गरज आहे, किंवा तिच्यासारख्या कुणाचीतरी, हे तिला इतक्या स्पष्टपणे कळलं की हातातला कॅमेरा तिनं पदराखाली घेतला.

"आज साहेब आले नाहीत?" पहारेकरी पिंपावरून म्हणाला. "उंच साहेब?"

"नाही. आणि येणारही नाहीत."

"बरं केलंत."

तिनं प्रथमच त्याच्याकडे नीट बघितलं. गणवेश जुना होता, पण स्वच्छ. बाह्या तीनदा दुमडलेल्या. पट्ट्याला जागोजाग नवी भोकं पाडलेली. टोपी कानांवर उतरलेली.

"गणवेश मोठ्या मापाचा दिलाय हो तुम्हाला," ती म्हणाली. बोलता बोलताच तिचा आवाज बारीक झाला.

"नाही," पहारेकरी म्हणाला. "बरोबर मापाचा दिला होता."

काठी आणि तिवई बाईनं पलीकडे फरशीवर तशीच सोडली.

तिथून ती थेट ऑफिसात गेली. साहेब फोनवर होते. त्यांनी तिला दहा मिनिटं उभं ठेवलं, मग भुवया उंचावल्या.

"तिसरा फोटो माणसाशिवाय घ्यावा लागेल, साहेब."

"माणसाशिवाय? मग माप कसं कळणार? हे तर तुम्हीच नव्या पोरांना शिकवता."

"तिथे उभं राहिल्यानं माणसाला..." बाईनं वाक्य सुरू केलं आणि तिला ते पुरं करता येईना. जे वहीत आकड्यांनी लिहिलं होतं ते तोंडानं सांगायला गेलं की वेडगळ वाटत होतं. "माझ्या नवऱ्याची तब्येत बरी नाही."

"त्या इमारतीसमोर माणसाला लहान वाटतं, असं म्हणायचंय ना तुम्हाला?" साहेब खुर्चीत मागे रेलले. "वाटलंच पाहिजे. कचेरी आहे ती. माणूस दारातच निम्मा झाला की आत आवाज चढवत नाही. बांधणाऱ्यानं डोकं वापरलंय. तेच लिहा, चांगल्या भाषेत."

"मी त्यांना परत तिथे उभं करणार नाही."

"नका करू," साहेब म्हणाले आणि फोन उचलला. "बघू आम्ही काय करायचं ते."

६

ती साडेतीनला घरी पोचली. दाराला कुलूप होतं. फोन लावला. पलीकडून रस्त्याचा गोंगाट आणि तो जाड आवाज.

"साहेबांचा फोन आला होता गं. म्हणाले, शेवटचा फोटो राहिलाय, वरच्या पायरीवरचा. त्यांनी त्यांचा फोटोवाला पाठवलाय."

"अहो, तुम्ही नाही म्हणायचंत ना!"

"मी म्हटलं, चालेल."

बाई जिन्यावरून धडपडत उतरली. रिक्षा मिळाली, पण सिग्नलला दोनदा अडकली. ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती आणि इमारतीचा सगळा दर्शनी भाग उजेडानं भरला होता. रस्त्याच्या अलीकडे ऑफिसचा फोटोवाला कॅमेरा पिशवीत भरत होता.

"झालं, बाई! भरपूर काढले, तासभर उभे होते काका. काय भव्य दिसतेय हो इमारत! तुमच्या फोटोंत अशी नव्हती दिसत."

पिंपावर पहारेकरी नव्हता. बाईनं रस्त्यापलीकडे बघितलं. एकतीस पायऱ्यांच्या वर, दाराच्या बरोबर मधोमध, एक आकृती पाठमोरी उभी होती. शेजारी तांबडी-पांढरी काठी. रस्त्यावरून ती आकृती करंगळीच्या नखाएवढी दिसत होती. लांबून माणूस तेवढाच दिसणार, तिनं स्वतःला सांगितलं. तीस वर्षं ती दुसऱ्यांना हेच सांगत आली होती.

तिनं हाक मारली. आकृती वळली नाही.

ती चढू लागली. एक. दोन. गुडघे पहिल्यापासूनच कुरकुरले. अंतर निम्मं झालं की वस्तू दुप्पट दिसते. यात चूक होत नाही, यात मतं नसतात. दहाव्या पायरीवर तिनं मान वर केली. आकृती करंगळीच्या नखाएवढीच होती.

बारा. तेरा. घाम डोळ्यांत गेला म्हणून असेल. तिनं चष्मा पुसला. पंधराव्या पायरीवर दाराच्या फळ्यांमधल्या चिरा दिसू लागल्या, खांबांवरचे ओघळ दिसू लागले, कडीवरचा गंज दिसू लागला. सगळी इमारत तिच्या अंगावर मोठी होत येत होती. सगळं मोठं होत होतं, आणि मधली एक गोष्ट तेवढीच राहिली होती.

विसाव्या पायरीनंतर तिनं वर बघणं सोडलं. ती फक्त पायऱ्यांकडे बघत चढत होती. पायऱ्या दहा इंचांच्या होत्या, तिनं स्वतः मोजल्या होत्या. तरी चोविसाव्या पायरीवर तिला हात टेकावा लागला. सव्विसाव्या पायरीवर दोन्ही हात. साडीची निरी पायाखाली आली आणि ती पडता पडता वाचली. मागून रस्त्याचा आवाज येत नव्हता. हॉर्न नाही, माणसं नाहीत. कानात आपलाच श्वास आणि वर कुठेतरी दाराच्या आत खूप लोक पाय न हलवता उभे असल्यासारखी ती शांतता.

काठीचं टोक तिच्या नजरेच्या कडेला आलं. काठीवर आकडे होते. तिनं ते वाचायचे नाहीत असं ठरवलं आणि डोळे घट्ट मिटले.

"अहो."

"आलीस?" आवाज तोच होता. जाड, भरदार, घराच्या भिंती ओळखतील असा. पण तो समोरून आला नाही. खालून आला, तिच्या गुडघ्याजवळून.

ती खाली बसली नाही. बसली असती तर उठता आलं नसतं.

"चला. घरी जायचंय."

"फोटो झाला का? साहेब म्हणाले होते, झाल्याशिवाय हलायचं नाही."

"झाला. चला."

"चालेल."

तिनं डोळे न उघडता हात खाली केला. थोडा, मग आणखी थोडा. काही वेळ नुसती हवा लागली. मग तिच्या एका बोटाभोवती मूठ मिटली. आख्खी मूठ, एका बोटाभोवती.

ती एकतीस पायऱ्या मोजत उतरली. प्रत्येक पायरीच्या कडेला ती मूठ थांबायची, बोटाला हिसका बसायचा, खाली काहीतरी उडी मारल्यासारखं आपटायचं आणि मग तो जाड आवाज म्हणायचा, "झालं. पुढची." बाईनं एकतीस म्हणेपर्यंत डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हाही समोरच्या रस्त्याकडेच बघितलं आणि रिक्षाला हात केला.

रिक्षावाला थांबला. त्यानं बाईकडे बघितलं, मग तिच्या शेजारी, खाली बघितलं. त्यानं फक्त समोरचा आरसा हातानं धरून बाहेरच्या बाजूला वळवला.

७

मुलीचा फोन दर रविवारी येतो. खांबराव तिच्याशी बोलतात. "बाबा किती शांत झालेत गं," मुलगी एकदा आनंदानं म्हणाली. "निवृत्ती मानवली त्यांना." बाईनं तिला सध्या येऊ नकोस म्हणून सांगितलंय. घरात रंगकाम काढलंय, असं. दिवसा ती आतल्या खोलीचं दार लोटून ठेवते. दाराखालच्या फटीतून ते कधी कधी विचारतात, बाहेर ऊन आहे का. ती सांगते, आहे. तिनं आतला दिवा अजून लावलेला नाही. काय हवं-नको ते तिला आवाजावरून कळतं आणि जेवढं कळतं तेवढं तिला पुरतं.

अहवाल तिनं पुरा केला. अक्ष, तोल, लय, सगळं खरं लिहिलं. प्रमाणाच्या मथळ्याखाली बराच वेळ पेन्सिल टेकून बसली आणि शेवटी जे होतं ते लिहिलं: 'या इमारतीला स्वतःचं प्रमाण नाही. ते ती समोर उभ्या राहिलेल्या माणसांकडून घेते. ती लोकांसाठी उघडू नये.'

साहेबांना पहिली दोन वाक्यं फार आवडली. त्यांनी ती माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापली. तिसरं गाळलं.

कचेरी सोमवारी उघडणार होती. बाई नऊलाच तिथे जाऊन उभी राहिली, रस्त्याच्या अलीकडे. पायऱ्यांवर खालपासून वरपर्यंत रांग लागली होती. हातात कागदांच्या पिशव्या, एकेका पायरीवर दोन-दोन माणसं, कुणी बोलत नव्हतं. दार बंद होतं. खालची माणसं चुळबुळत होती. मधली ताठ होती. सगळ्यात वरची... बाईनं डोळे बारीक केले. तीस वर्षं तिनं याच कामाची भाकरी खाल्ली होती, आणि वरची माणसं लांब आहेत की काय आहेत, ते तिला सांगता येईना.

"उतरा!" ती ओरडली. स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला, तो तिच्या नवऱ्यासारखा मोठा होता. "अहो, खाली या सगळे! तिथे उभे राहू नका!"

टायरच्या दुकानातली माणसं बघायला बाहेर आली. रांगेतल्या खालच्या दहा-पंधरा जणांनी वळून बघितलं. वरच्यांपैकी एकही वळला नाही.

बाई रस्ता ओलांडून धावत गेली. रांगेच्या शेवटी, पहिल्या पायरीवर, साधारण तिच्याच वयाची एक बाई उभी होती. छातीशी फाईल, पायांत नव्या चपला, खास आजच्यासाठी काढलेल्या. नकाशेबाईनं तिचा दंड धरला.

"ताई, माझं ऐका. उद्या या. नाहीतर येऊच नका. इथे उभं राहू नका."

त्या बाईनं हिसका देऊन दंड सोडवला. "मध्ये घुसायचं असेल तर सरळ सांगा ना. पहाटे उठून आलेय मी."

"मला घुसायचं नाहीये हो. मी इथली सगळी..." ती थांबली. "माझे मिस्टर इथे उभे होते."

"मग? काम झालं का त्यांचं?"

वर कुठेतरी, खूप उंचावर, कडी सरकल्याचा आवाज झाला. रांगेत एक हालचाल वरून खालपर्यंत आली. नकाशेबाईच्या तोंडातून एवढंच निघालं, "झालं."

"मग आता दुसऱ्यांचं होऊ द्या," ती बाई म्हणाली, आणि पुढची पायरी चढली.